नवा कॉम्प्युटर जोडला, पण सुरूच होत नाही? बिघाड ओळखायचा कसा

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे सुटे भाग घेऊन घरीच कॉम्प्युटर जोडणे आता नवीन राहिलेले नाही. पण सगळे जोडून बटण दाबले आणि स्क्रीन काळीच राहिली, की पहिली शंका येते ती ‘पार्ट खराब निघाला’ ही.

चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी ही शंका महागात पडते. नाशिक तिथून साधारण ६५ किलोमीटर. भाग नाशिकहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेले असतात. अख्खे कॅबिनेट गाडीत घालून नाशिकला न्यायचे आणि तिथे एक केबल नीट दाबल्यावर कॉम्प्युटर सुरू व्हायचा, असे होऊ शकते. कारण नव्या कॉम्प्युटरमध्ये खराब भागापेक्षा जोडणीतली चूक जास्त आढळते. ती शोधण्याचा एक ठरलेला क्रम आहे.

आधी अर्थिंग पाहा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बाकी सगळे बाजूला ठेवावे. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ही बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब राहतो. करंट अगदी कमी असल्याने फक्त मुंग्या येतात. पण उद्या आतली एखादी तार पत्र्याला टेकली, तर वाचवायला अर्थिंगच नसते.

थ्री पिन प्लगला टू पिनचा अ‍ॅडॉप्टर लावू नये. सॉकेटमधली अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडण्याचा जुगाड तर त्याहून धोक्याचा. न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर पूर्ण २३० व्होल्ट थेट पत्र्यावर येतात. जुन्या घरात किंवा मळ्यातल्या वस्तीवर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

बटण दाबले, पण काहीच हालचाल नाही

एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, तो चालू आहे का ते पाहावे. मग मदरबोर्डला जाणाऱ्या दोन केबल तपासाव्यात: २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. ही दुसरी केबल कोपऱ्यात असल्याने हमखास विसरली जाते. ग्राफिक्स कार्डची केबलही ८ पिनांचीच असते, पण ती वेगळी. ती प्रोसेसरच्या जागी दाबून बसवू नये.

तिसरी जागा म्हणजे कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर. ती मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या नेमक्या दोन पिनांवरच लागते. त्या कोणत्या, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर शॉर्ट सर्किटची शक्यता असते. मदरबोर्डखाली पितळी स्टँडऑफ फक्त त्याच्या छिद्रांच्या जागीच हवेत. एखादा जादा राहिला तर तो मागच्या बाजूला टेकतो. खात्री करायची असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहावा.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

बहुतेकांची तक्रार हीच असते. कारणे या क्रमाने तपासावीत:

१. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावावी, मदरबोर्डला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. कार्ड नसेल तर चित्र येणारच नाही.

२. रॅम पूर्ण बसली आहे का? दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती दाबावी लागते. चार स्लॉट असतील आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर ती सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते.

३. थोडे थांबून पाहिले का? डीडीआर५ रॅम असलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतो. त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. तेवढ्यात घाबरून बटण बंद केले, की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

४. मदरबोर्डचे बायोस जुने आहे का? एएमडीचे बी४५० मदरबोर्ड रायझन ५००० मालिकेच्या आधी बाजारात आले. जुना साठा असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. भाग दोन्ही चांगले, पण जोडी जमत नाही.

५. बायोसची सेटिंग बिघडली आहे का? वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली, की सेटिंग मूळ जागी येते.

कॉम्प्युटर स्वतःच सांगतो

सुरू होताना कॉम्प्युटर आधी स्वतःची चाचणी घेतो, तिला ‘पोस्ट’ म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक छोटा बीप आला की सगळे ठीक, असे समजायचे. आता अनेक मदरबोर्डवर त्यासाठी चार छोटे दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. ज्या दिव्यावर गाडी अडते, तिथे बिघाड शोधायचा. दिवे नसतील तर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवून बाकी सगळे काढावे. मग एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागानंतर अडले, तो संशयित.

चालू होतो, पण मध्येच बंद पडतो

बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे. काही काम नसताना ते ९० अंशांकडे चढत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाणे ही फार नेहमीची चूक आहे.

तापमान ठीक असेल तर विजेकडे वळावे. ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर गेम सुरू होताच त्यापुढे जाऊ शकतो.

विंडोजमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण एसएमपीएस बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त ‘कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद पडला’ एवढाच. कारण त्यात सांगितलेले नसते. रॅमवर शंका असेल तर मेमटेस्ट८६ ने तपासणी करावी.

हे बिघाड नव्हेत

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. रॅम खोक्यावरच्या वेगापेक्षा हळू दिसते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेले नसते.

या चार गोष्टी करू नयेत

• एसएमपीएस उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब उरलेला असू शकतो.
• एका कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नये. टोके सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असते आणि डिस्क जळू शकते.
• सॉकेटमधल्या पिना बोटाने सरळ करू नयेत. वाकलेल्या पिनेवर वॉरंटी सहसा नाकारली जाते.
• दुरुस्तीला नेताना ग्राफिक्स कार्ड आत तसेच ठेवू नये. महामार्गावरच्या धक्क्यांत त्याच्या वजनाने स्लॉट तुटू शकतो.

भाग खरेच खराब निघाला तर

जीएसटी बिल, खोके आणि त्यावरचा सीरियल नंबर हा पुरावा आहे. खोके उघडताना व्हिडिओ काढून ठेवलेला बरा. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे भाग मुंबईहून किंवा ऑनलाइन घेतला असला, तरी चांदवडच्या ग्राहकाला नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

विक्रेत्याला फोन करताना ‘कॉम्प्युटर चालत नाही’ एवढेच सांगू नये. कोणता दिवा लागतो, काय काय काढून पाहिले आणि दुसऱ्या रॅमने फरक पडला का, हे लिहून ठेवून सांगावे. त्यामुळे फक्त खराब असलेला भागच पाठवावा लागतो आणि पूर्ण कॅबिनेटची नाशिकची फेरी वाचते.