लोगोची लोकरी टोपी निवडताना

दिवाळी आटोपली की नाशिककरांना थंडीचे वेध लागतात. शरणपूर रस्त्यावरील तिबेटियन मार्केटमध्ये स्वेटर, मफलर आणि कानटोप्यांचे ढीग दिसू लागतात आणि निफाडचा पारा किती खाली उतरला, याची चर्चा रोज सकाळी चहाबरोबर रंगते. याच सुमारास सातपूर-अंबडमधील कारखाने, द्राक्ष निर्यातदार, बियाणे कंपन्या, शाळा आणि धावपटूंचे गट आपले बोधचिन्ह असलेल्या लोकरी टोप्या करून घेण्याचा विचार करतात. भेट म्हणून ही कल्पना चांगलीच आहे. डायरी कपाटात जाते, पेन हरवते. टोपी मात्र चारचौघांना दिसेल अशी कपाळावर राहते. अट एवढीच, की ती घातली गेली पाहिजे. म्हणून लोगो केवढा असावा, हा प्रश्न नंतरचा. टोपी कोणाच्या डोक्यावर आणि किती वेळ राहणार, हे आधी ठरवावे.

टोपीवरून ओळख सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात ‘मी अण्णा’ अशा अर्थाची अक्षरे छापलेल्या पांढऱ्या टोप्या देशभर दिसल्या. मात्र गांधी टोपीचे कापड सुती व न ताणणारे असते. त्यावर अक्षरे सरळ छापता येतात. विणलेली टोपी डोक्यावर ताणली जाते आणि तिच्याबरोबर अक्षरेही ताणली जातात. निवडीतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निर्माण होतात.

नाशिकची थंडी ओळखा

नाशिकची थंडी साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत असते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पहाटेचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याच्या नोंदी अनेकदा झाल्या आहेत. द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी अशा वेळी बागेत शेकोट्या पेटवतात. परंतु त्याच दिवशी दुपारी ऊन चटका देते. सकाळी घातलेली टोपी दहा-अकरा वाजता काढून खिशात ठेवावी लागते. त्यामुळे हिमाचल किंवा काश्मीरसाठी योग्य असलेली जाड, आतून अस्तर लावलेली टोपी येथे फारशी वापरली जात नाही. मध्यम जाडीची, घडी होणारी टोपी अधिक उपयोगी पडते.

कोणासाठी कोणता प्रकार?

दुमडलेल्या पट्टीची टोपी : खालची कड ६ ते ८ सेंटिमीटर वर दुमडलेली असते. लोगोसाठी कपाळावर सपाट जागा मिळते, कानांवर दुहेरी ऊब राहते आणि पट्टी खाली ओढली की कान पूर्ण झाकले जातात. कर्मचारी, ग्राहक व विद्यार्थी अशा मिश्र गटासाठी हीच टोपी सर्वांत सुरक्षित निवड होय.

बिनपट्टीची पातळ टोपी : डोक्याला घट्ट बसते. पहाटे धावणारे आणि सायकलस्वार यांना ती सोयीची. नाशिकमध्ये पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम राबवली होती. ज्या शहरात बरेच कर्मचारी दुचाकीने कामावर जातात, तेथे टोपी हेल्मेटखाली घातली जाणार हे गृहीत धरावे. जाड टोपीमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि अपघातात त्याचे संरक्षण कमी होते. कारखान्यातील सुरक्षा हेल्मेटलाही हेच लागू आहे.

कानटोपी : कानांवर उतरणाऱ्या पाळ्या आणि हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या असलेली. पहाटे बागेत किंवा बाजार समितीत जाणारे शेतकरी व लहान मुले यांच्यासाठी उत्तम. यंत्रावर काम करणाऱ्यांना मात्र लोंबत्या दोऱ्यांची टोपी देऊ नये.

माकडटोपी : रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला तिच्याइतकी ऊब दुसरी टोपी देत नाही. पण चेहरा झाकला गेला की ओळख पटत नाही. पहारेकऱ्याचा चेहरा दिसणे हा त्याच्या कामाचाच भाग असल्याने त्याला पट्टीची टोपी आणि सोबत मफलर द्यावा.

गोंड्याची टोपी : मुलांना आणि सहलीला जाणाऱ्या तरुणांना आवडते. हेल्मेटखाली ती निरुपयोगी ठरते.

द्राक्षांच्या शीतगृहांची गरज वेगळी आहे. तेथे तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवले जाते आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. येथे टोपी साधी असावी. गोंडा, मणी, धातूचा बिल्ला काहीही नको, कारण सुटलेला तुकडा मालात पडू शकतो. केसांची जाळी टोपी असतानाही घालावीच लागते.

लोगो कसा बसवावा?

भरतकाम हा रूढ मार्ग आहे. जाड उभ्या रेघांच्या विणीत टाके रेघांमधल्या खाचांत बुडतात आणि अक्षरे तुटक दिसतात. म्हणून भरतकाम करताना वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा व खाली आधाराचे अस्तर लावले जाते. ते लावणार का, हे कारागिराला आधीच विचारावे. अक्षरांची उंची ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. देवनागरी लोगोत विशेष दक्षता हवी. वेलांटी, मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे लहान आकारात एकमेकांत मिसळतात. टाके ताणले जात नसल्याने लोगो फार रुंद असल्यास टोपी घालताच तो सुरकुततो. आणखी एक चूक नेहमी होते : पट्टीवरचे भरतकाम दुमडण्यापूर्वी करायचे असेल, तर ते उलट्या बाजूवर आणि उलटे करावे लागते. हे ध्यानात न घेतल्यास दुमडल्यावर लोगो आतल्या बाजूला जातो.

बारीक रेषांचा लोगो असेल, तर विणलेले कापडी लेबल किंवा कृत्रिम चामड्याचा तुकडा शिवून घ्यावा. संख्या मोठी असल्यास नक्षी टोपीबरोबरच विणून घेता येते. ती निघत नाही की उसवत नाही. पण नक्षी चौकटी-चौकटींनी उमटत असल्याने गोलाकार व नाजूक आकार दातेरी होतात आणि रंग मोजकेच वापरता येतात. छपाई टाळावी. ताण पडला की शाईला भेगा जातात आणि उष्णतेने चिकटवायच्या चित्रासाठी इस्त्री तापवली, तर ॲक्रिलिकची वीण चपटी व चकचकीत होते.

धागा आणि धुलाई

बाजारात ‘लोकरी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त टोप्या बहुधा ॲक्रिलिकच्या असतात. त्या धुण्यास सोप्या व रंगाला पक्क्या. मात्र काही दिवसांत त्यांवर गोळे येतात. खरी लोकर अधिक ऊब देते, पण काहींना टोचते आणि गरम पाण्यात आटते. सुती टोपी मऊ असते, परंतु घाम धरते व लवकर सैल पडते. भरतकामासाठी पॉलिएस्टरचा दोरा घेतल्यास धुलाई व ऊन यांत रंग टिकतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी

विणलेल्या गरम कपड्यांचे देशातील मोठे केंद्र लुधियाना आहे. तेथील कारखाने हिवाळ्याचा माल आधीपासून तयार करतात. थंडी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागणी नोंदवावी. नाशिकमध्येच साध्या टोप्या घेऊन भरतकाम करून घेणे थोड्या संख्येसाठी सोयीचे ठरते. २०२७ च्या सिंहस्थासाठी टोप्या वाटण्याचा विचार असेल, तर लोकरी टोपी विसरावी. त्यातील मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसाळ्यात आहेत.

संगणकावरील चित्रावर विसंबून राहू नये. एक नमुना प्रत्यक्ष तयार करून घ्यावा. तो लहान-मोठ्या दोन-तीन डोक्यांवर घालून पाहावा, चार-पाच वेळा धुवावा आणि मग पाच-सहा पावलांवरून लोगो वाचता येतो का, ते तपासावे. शेवटी तो नमुना ज्यांना टोप्या द्यायच्या आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला आठवडाभर वापरायला द्यावा. त्याने ती आपणहून रोज घातली, तरच पुढची मागणी नोंदवावी. एवढी खातरजमा केली, की पुरवठादाराने आपल्यालाच ‘टोपी घालण्याची’ भीती उरत नाही.