दोन रंगांची टोपी

थंडी पडूं लागली कीं घरोघर विणकामाच्या सुया बाहेर निघतात. एकरंगी टोपी आपल्याकडे पुष्कळजणींना येते. एकाच ओळींत दोन रंग खेळविणारी टोपी मात्र अवघड समजून बाजूस ठेविली जाते. या कलेसाठीं जें नांव जगभर घेतलें जातें तें 'फेअर आइल' हें, स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी व शेटलंड यांच्यामध्यें असलेलें, तीनएक मैल लांबीचें एक चिमुकलें बेट.

१५८८ सालीं इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमारापैकीं 'एल् ग्रान ग्रिफॉन' हें जहाज या बेटाच्या कड्यांवर फुटलें. त्यावरील खलाशांनीं बेटावरच्या बायकांना ही नक्षी शिकविली, अशी कथा सांगतात. जहाज खरें, त्याचें फुटणेंही खरें. शिकवणीला मात्र कांहींच आधार नाहीं. माल विकणाऱ्यांस ही कथा फार सोयीची पडली, एवढेंच.

खरा पुरावा निघाला तो जमिनींतून. १९५१ सालीं शेटलंडमधील गनिस्टर येथें, जळणासाठीं दलदलींतील माती खणतांना एका माणसाचे अवशेष सांपडले. अंगावरील लोंकरी कपडे त्या मातीनें जपून ठेविले होते. त्याजवळ विणलेली एक लहान पिशवी होती; तिच्यावर रंगीत नक्षीचे पट्टे, आणि आंत हॉलंड व स्वीडन येथील सतराव्या शतकाच्या अखेरीचीं नाणीं! शेटलंडच्या बायका डच कोळ्यांना मोजे विकीत असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नाण्यांचें नवल वाटत नाहीं. नक्षीही अशाच दर्यावर्दी संबंधांतून आली असावी, असें मला वाटतें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत ज्या जुन्या रंगीत वस्तू आढळतात त्यांत कोळ्यांच्या लांबट, गोंडेदार टोप्या प्रमुख आहेत. तांबडा रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा, निळा आपल्या ओळखीच्या निळीचा. पांढरा व तपकिरी तर मेंढीच्याच अंगचे. घोड्याचे केस भरलेला चामड्याचा पट्टा कमरेस बांधून, त्याच्या भोंकांत सुई रोवून, पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतां चालतां या बायका विणीत. आणि मोबदला? व्यापारी रोकड देत नसे. चहा, कापड असा आपल्याच दुकानांतला माल पदरांत टाकी. १८७२ सालीं सरकारी चौकशींत बायकांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. हातांत चहाच्या पुड्या आणि घरांत पीठ नाहीं, अशी स्थिति! १८८७ च्या कायद्यानें या प्रथेस मनाई केली, तरी ती लगेच सुटली नाहीं. १९२२ सालीं इंग्लंडच्या युवराजानें सेंट अँड्र्यूज येथें गोल्फ खेळतांना या नक्षीचा अंगरखा घातला आणि ती एकदम श्रीमंतांची झाली.

आतां टोपीकडे वळूं. टोपी गोल विणली जाते, म्हणून सुलटी बाजू सदैव डोळ्यांपुढें असते व सारे टांके सुलटेच पडतात. नवशिक्या व्यक्तीस याहून सोपें काय? एका ओळींत दोनच रंग, हा जुना नियम. टांके १२० घ्यावे. ४, ५, ६, ८, १० किंवा १२ टांक्यांची कोणतीही नक्षी त्यांत बिनचूक बसते. एक रंग उजव्या हाताच्या बोटावर, दुसरा डाव्या. जो रंग वापरांत नाहीं तो पाठीमागून आडवा जातो. दुपदरी ऊब मिळते ती याच धाग्यामुळें, आणि टोपी बिघडते तीही याच्याचमुळें. तो ताणला कीं टोपी आक्रसते, डोक्यांत शिरेनाशी होते. म्हणून प्रत्येक वेळीं उजव्या सुईवरचे टांके बोटांनीं पसरून मगच रंग बदलावा. पांचांहून अधिक टांके मागें धागा मोकळा राहत असेल, तर मध्यें एकदा अडकवून घ्यावा. शेंड्याकडे टांके कमी करतांना नक्षी थांबविली तरी चालते. शेटलंडची म्हातारी हंसेल कदाचित्, पण पहिली टोपी आहे!

शेटलंडमध्यें आतां दरवर्षीं लोंकर-सप्ताह भरतो. २०१५ च्या सप्ताहासाठीं एका टोपीचा नमुना काढला होता. तिच्यावर नक्षी होती मेंढ्यांच्या रांगेची.