आत्मा: कोण काय मानते?

उपनिषदांचा आत्मा अजन्मा, अमर. जैनांचा जीव देहाएवढा होतो. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. इस्लाममध्ये रूह अल्लाहने फुंकलेली. चार्वाकांनी आत्मा सरळ नाकारला.

बुद्धांनी सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना सांगितले, की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाचही स्कंधांत 'हा मी' म्हणावे असे काही नाही. नागसेनांनी हेच मिलिंद राजाला रथावरून समजावले: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे, त्याचे मूळ आम्हाला इथेच दिसते. तरी आपल्याच वस्तीत दहाव्याला कावळ्याची वाट पाहणारी घरे आहेत. तिथे आम्ही वाद घालत नाही. शेजारी बसतो आणि विचारतो, वाट कोणाची बघताय?