टंचाईची वाटणी

मराठीत फड कुस्तीचा असतो, तमाशाचा असतो, ऊसतोडीचाही असतो. पुष्कळ माणसं एका कामासाठी जमली की हा शब्द हजर. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडे आणि नाशिकच्या बागलाणात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली जमिनीच्या ज्या सलग पट्ट्यात एका वर्षी सगळे मिळून एकच पीक घेतात, तो फड. ही पद्धत निदान तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. तिच्याविषयी लिहिताना आपल्याकडे एक सूर ठरून गेला आहे: पूर्वीची माणसं समंजस होती, एकोप्यानं राहत, म्हणून पाणी सर्वांना पुरे. मला हे पटत नाही. माणसं इतकी समंजस असती, तर पाटावर पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या आणि त्या दोघांवर हवालदार नेमावा लागला नसता. फडातला न्याय माणसांच्या स्वभावावर सोडलेला नव्हता. तो जमिनीच्या आखणीतच घातलेला होता, आणि अन्न व शेती न्याय्य कशी करायची याची जगभर चर्चा चालू असताना ती आखणी बारकाईनं पाहण्यासारखी आहे.

नदीत आडवा दगडी बंधारा, त्याच्या एका अंगानं निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात शिरणाऱ्या सारंग्या, आणि जास्तीचं पाणी नदीला परत देणारी सांड. सगळं उतारावर चालतं. बंधाऱ्याखालचं भिजणारं क्षेत्र साधारण चार फडांत वाटलेलं असे. एका फडात ऊस, दुसऱ्या-तिसऱ्यात हंगामी पिकं, एखादा फड पाण्याविना. पुढच्या वर्षी पिकांची जागा फिरे. अख्ख्या फडाला एक पीक असल्यानं शेजारच्या उसाचं पाणी झिरपून कुणाचा हरभरा पिवळा पडत नसे, आणि पाट एका दिशेनं सोडला की पाटकरी ओळीनं वावरं भिजवत जाई. पाणी कुणी स्वतः फोडून घ्यायचं नाही, हा दंडक होता. पाटकरी-जागल्यांची मजुरी पिकातून निघे, त्यामुळे पीक बुडालं तर त्यांचंही बुडे. कामात कुचराई न होण्याला याहून मोठं कारण लागत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. बंधाऱ्याच्या प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला आणि नदीची धार बारीक झाली, की यंदा किती फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे हे पंच ठरवत. एक फड सोडला तर प्रत्येकाचा एक तुकडा सुटे. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचा सुटे, तसाच शेपटाशी असलेल्याचाही. आजच्या कोणत्याही कालव्यावर टंचाईत पहिला बळी शेपटाकडच्या शेतकऱ्याचा जातो. इथं तोंडाकडचा आणि शेपटाकडचा शेतकरी हे दोन वेगळे इसमच नव्हते. गंमत अशी, की मुंबई प्रांतानं 1947 साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा केला, तेव्हा विखुरलेली जमीन हा शेतीचा दोष मानला गेला. कोरडवाहू मुलखात ते खरंही असेल. फडात मात्र हे विखुरलेपण म्हणजे विमा होता. फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या शेतकऱ्यांच्या झांखेरा नावाच्या पाणीसंस्थांतही प्रत्येक सभासदाला पाटाच्या वेगवेगळ्या भागांत तुकडे मिळतात, आणि दुष्काळात एखादा भाग सगळ्यांनी मिळून सोडता येतो. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली; 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या याच बाई. खानदेश आणि इलोकोस यांचा संबंध असण्याचं काही कारण नाही. म्हणजे ही युक्ती कुणा एका संस्कृतीचं देणं नव्हे. त्याच अडचणीतून दोन ठिकाणी निघालेलं तेच उत्तर आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा न्याय जमीनवाल्यांपुरता होता. तो खरा आहे, आणि त्याला फडाकडे उत्तर नाही. जागल्याला मजुरी होती, पाण्यात वाटा नव्हता. तो वाटा मागणारा विचार 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात आकाराला आला. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनाचाही हक्क मानला आणि उसाला मनाई केली. फडानं ऊस चालवला होता, पण चौथाईच्या आसपास बांधून ठेवला होता. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: पीक कोणतं घ्यायचं हा प्रश्न पाण्याच्या वाटणीपासून वेगळा काढता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. शेतकऱ्यानं काय पेरावं हे पंचांनी का ठरवावं? बाजारात कांद्याला भाव असताना त्यानं फडाच्या फेऱ्यात का अडकावं? फड मोडायला याच प्रश्नानं हातभार लावला. विहिरीवर इंजिन आणि मग विजेचा पंप आला, तसा ज्याला जमलं तो पाटाच्या पाळीतून मोकळा झाला. हे स्वातंत्र्य खोटं नव्हतं. पण ते विहीर खोदू शकणाऱ्याला मिळालं, आणि त्याच्या विहिरीचं पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्याही वाट्याचं होतं; तिथं पंच नव्हते. दुसरीकडे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली, पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. नदीला पाणी कधी सुटणार हे आता गावाबाहेर ठरू लागलं. उरलेलं काम वाटण्यांनी आणि खरेदीखतांनी केलं. एकाच फडात जमीन विकत घेणाऱ्याला बाकीचे फड कोरडे राहिले तरी झळ नाही, आणि झळ नसलेला माणूस पंचांचं कशाला ऐकेल?

राज्यानं 2005 साली सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला. त्यात पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या तोंडाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांतले सभासद घ्यायची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे. तिच्यामुळे शेपटाकडच्या शेतकऱ्याला बैठकीत बोलता येतं. त्याच्यासमोर बसलेल्या तोंडाकडच्या सभासदाचं एकही वावर मात्र शेपटाला नसतं.