खिंडीपलीकडचा निरोप

वाचकहो, पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. बाजूच्या डोंगरावर काळदुर्गाचा चौकोनी कातळ दिसतो. पावसाळ्यातल्या रात्री पलीकडच्या एखाद्या पाड्यावर कुणाला साप चावला आणि नेमका मोबाइलचा मनोरा बंद पडला, तर निरोप न्यायचा कसा?

प्रश्न जुनाच आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा कोट पोर्तुगिजांकडून घेतला. बाजी भीवराव रेठरेकर तेथे कामास आले. त्या काळी अशी बातमी जासुदाच्या पायांनी जायची. वाटेतली नदी भरली, की बातमीही काठावरच बसायची.

पुढे बिनतारी यंत्र आले, पण ते होते आगबोटीत बसवण्याजोगे अवजड. हातात धरून बोलायचा आणि ऐकायचा संच सैन्यात रुळला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याचा असा संच सुमारे सव्वादोन किलोचा होता, आणि जमिनीवर त्याचा पल्ला जेमतेम एक मैल. १९४३ मध्ये पाठीवर घ्यायचा, सुमारे १६ किलोचा संच आला. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव त्याचे. मागाहून ते हातातल्या संचाला चिकटले.

आता संच खिशात मावतो. पण तो वापरायला शिकावेच लागते, बरे का! पहिला धडा उंचीचा. या संचांच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. सपाट जागी उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये दहा-अकरा किलोमीटरवर पृथ्वीचा फुगवटाच आड येतो. झाडी आणि घरे तर त्याआधीच अडवतात. डोंगर मध्ये असला, तर पालघरचा आवाज मनोरला जाणार कसा? मग खिंडीच्या माथ्यावर एक मधला माणूस उभा करायचा. त्याने अलीकडचे ऐकायचे आणि पलीकडे सांगायचे. पूर्वी डोंगरमाथ्यावर गड बांधले ते नजर लांब पोचावी म्हणून. बिनतारी संचालाही तीच उंची हवी.

दुसरा धडा संयमाचा. एका वेळी एकानेच बोलायचे. अरुंद घाटात समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या, की दोन्ही अडतात, तसेच हे. आधी ऐका, वाट मोकळी आहे ना ते पाहा. मग कळ दाबा, क्षणभर थांबा आणि थोडक्यात बोला. ‘ओव्हर’ म्हणा आणि कळ सोडा. कळ दाबलेलीच राहिली, तर तुम्हांला काहीच ऐकू येत नाही, आणि इतरांचीही वाट बंद होते.

तिसरा धडा उच्चाराचा. खरखरीत ‘प’ आणि ‘ब’ सारखेच वाटतात. म्हणून विमानवाल्यांनी १९५६ पासून ‘अल्फा, ब्राव्हो’ ही अक्षरमाला जगभर लागू केली. गुरुजींना यात नवल वाटायला नको. आपला ‘क कमळाचा’ दुसरे काय सांगतो? आकड्यांचेही तसेच. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत घोटाळा होतो; ‘पाच, नऊ’ असे सुटे सांगावे.

सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांना या शिस्तीची किंमत कळते. समुद्रावर १६ क्रमांकाची वाहिनी संकटाच्या हाकेसाठी ठरलेली आहे. ‘मेडे’ ही हाक १९२३ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर सुचली. तिचे मूळ ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत. ती तीनदा द्यायची. मग बोटीचे नाव, ठिकाण, काय झाले आणि माणसे किती. गमतीने ती हाक कधीही देऊ नये. आणि हो, आपल्याकडे बहुतेक संचांना सरकारी परवाना लागतो. तो नीट पाहूनच संच घ्यावा.

शिक्षकबंधूंनो, सरावाला मात्र ना संच लागतो, ना परवाना. दोन मुलांना एकमेकांकडे पाठ करून मैदानाच्या दोन टोकांना उभे करा. मध्ये तिसरा निरोप्या ठेवा. एकाने ‘संपले’ म्हणेपर्यंत दुसऱ्याने गप्प राहायचे आणि ऐकलेला निरोप उलट म्हणून दाखवायचा. शेवटी मूळ निरोपाशी ताडून पाहा. पहिल्या दिवशी चुका होतील, होऊ द्या. त्या मैदानावर झाल्या, तर साप चावलेल्या रात्री होणार नाहीत.