मातीतील इतिहास आणि आपले कर्तव्य

जैन धर्माचा इतिहास जसा ग्रंथभांडारांत आहे, तसाच तो मातीतही आहे. मात्र माती वाचण्याची विद्या केवळ पुस्तकांतून साध्य होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष उत्खननात उतरावे लागते.

मथुरेच्या कंकाली टीला येथे डॉ. फ्यूरर यांनी १८८८ ते १८९१ या काळात उत्खनन केले. शेकडो शिल्पे मिळाली. प्रतिमांच्या पीठांवरील लेखांत कल्पसूत्राच्या स्थविरावलीतील गण, कुल व शाखांची नावे आढळली आणि परंपरेला शिलालेखांचा आधार लाभला. परंतु कोणती वस्तू कोठे, कोणत्या थरात सापडली, याची नीट नोंद झाली नाही. ते ज्ञान आपण कायमचे गमावले.

नोंदीची ही शिस्त पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांनी विद्यार्थ्यांत रुजविली. इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेले उत्खनन म्हणजे जणू पाठशाळाच होती. थर ओळखणे, मोजमाप घेणे, खापरे धुऊन त्यांवर क्रमांक घालणे, हे तेथे हातांनी शिकावे लागे. मावळातील पाले लेण्यातील, अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा प्राचीन ब्राह्मी लेखही सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनीच अभ्यासून प्रसिद्ध केला.

आपल्या तरुणांनी अधिकृत संस्थांच्या उत्खननांत व सर्वेक्षणांत सहभागी होऊन ही विद्या आत्मसात करावी. जीर्णोद्धारापूर्वी जुन्या मूर्ती, लेख व शिळा यांची छायाचित्रे घेऊन मूळ जागा नोंदवावी. मंदिर पुन्हा उभारता येते. हललेल्या शिळेची हरवलेली जागा पुन्हा सापडत नाही.