मालवण किनाऱ्यावरील गिरणीकामगार व त्यांचें दुहेरी घर

ऐतिहासिक कागद म्हटले म्हणजे सनदा, महजर व तहनामे आपल्या डोळ्यांपुढें येतात. मुंबईच्या गिरणीतून मालवणास आलेल्या मनिऑर्डरीची पावती कोणी दप्तरांत बांधून ठेवीत नाहीं. परंतु एका जुन्या वादांत तिचीच साक्ष मोलाची आहे. गांव न सोडणाऱ्या मजुराची संघटना दुबळी असते काय, हा तो वाद होय.

पूर्वपक्ष असा : जो सणास व शेतीस गांवीं जातो, तो संघाची वर्गणी नियमानें कोठून भरणार? १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनपुढें हा प्रश्न आला. कोंकणांतीलच नारायण मल्हार जोशी त्याचे एक सभासद होते. गांवाचा संबंध तोडूं नये, तो राखून नियमित करावा, असें मत १९३१ च्या अहवालांत दिलें आहे.

उत्तरपक्ष १९२८ च्या संपांत सांपडतो. संप एप्रिलांत लागला. पावसाळ्यांत किनाऱ्याच्या आगबोटी बंद होण्यापूर्वीं अनेकांनीं गांव गांठलें. संप सुमारें सहा महिने टिकला व त्यांतच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. गांवची भातशेती हाच त्या मजुराचा संपनिधि होता.

प्रतिनिधित्वाचे कामीं मात्र हें दुहेरी घर त्यास बाधलें. मुंबईंत तो मजूर, गांवीं कूळ. गाऱ्हाणें दोहोंकडे वांटलें गेलें. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळांत बसले, तेहि मतांनीं नव्हे, सरकारी नेमणुकीनें. १९३५ च्या कायद्यानें मुंबई प्रांताच्या विधानसभेंत १७५ पैकीं ७ जागा मजुरांस मिळाल्या. दोन्ही गाऱ्हाणीं एकत्र बांधण्याचा ठळक यत्न १९३६ सालीं स्थापन झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें केला : १९३७ सालीं खोती रद्द करण्याचें बिल, जानेवारी १९३८ मध्यें मुंबईंत शेतकऱ्यांचा मोर्चा, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध गिरण्यांचा संप. खोतीचा कायदा पुढें १९४९ सालीं झाला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व कामगारांच्या पेट्या गांवीं परतल्या. संघाच्या पावत्या, मुंबईंतील ग्रामस्थ मंडळांच्या वह्या, संपकाळचीं पत्रें यांस कोंकणच्या दमट हवेंत वाळवी लागण्यास विलंब लागत नाहीं. संग्राहकांनीं मोडी दप्तरांशेजारीं यांसहि जागा द्यावी, इतकीच आमची विनंति आहे.